कूपर्सटाऊन: एका स्कोअररच्या नजरेतून

न्यूयॉर्क राज्यात, कॅट्सकिलच्या डोंगरांपलीकडे, ऑट्सीगो सरोवराच्या दक्षिण टोकाला कूपर्सटाऊन नावाचं गाव आहे. वस्ती दोन हजारांच्याही आत. सस्क्वेहाना नदी इथेच सरोवरातून निघते आणि पुढे थेट चेसापीकच्या उपसागराला जाऊन मिळते. पण नदीसाठी इथे फारसं कोणी येत नाही. लोक येतात ते मेन स्ट्रीटवरच्या विटांच्या एका इमारतीसाठी: नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलचं संग्रहालय आणि थोर खेळाडूंचं सन्मानदालन.

मी न्यू जर्सीत बहिणीकडे मुक्कामाला होते. कोलंबस डेची जोडून सुट्टी आली, तेव्हा भाच्याला घेऊन निघाले. तो बारा वर्षांचा आहे आणि लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेत कॅचर म्हणून, आपल्या यष्टिरक्षकासारखा, खेळतो. किंग्स्टनला थ्रूवे सोडून आम्ही २८ नंबरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंना मेपल लालभडक झाले होते. तो मागच्या सीटवरून मला त्याचं स्कोअरबुक समजावून सांगत होता, आणि मी मुंबईत क्लब सामन्यांचं स्कोअरिंग केलेली बाई, कान देऊन ऐकत होते.

बेसबॉलच्या स्कोअरबुकात प्रत्येक फलंदाजापुढे चौकोन असतात आणि चौकोनात मैदानाची छोटी आकृती. मैदानाच्या चार कोपऱ्यांवरचे थांबे म्हणजे बेस. फलंदाज पहिल्या बेसवर पोचला की आकृतीची एक बाजू ठळक करायची, दुसऱ्यावर पोचला की दुसरी. फिरून घरी आला, म्हणजे रन झाला, की आतली जागा भरून काळी करायची. क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात: पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर २, पहिला बेस ३, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) ६. '६-३' लिहिलं की समजायचं, शॉर्टस्टॉपनं चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि गडी बाद. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडलेले योग्य चेंडू, झाले की फलंदाज बाद. या स्ट्राइकआऊटसाठी इंग्रजी 'के' अक्षर. तिसरा स्ट्राइक फलंदाज नुसता बघत राहिला असेल, तर तेच अक्षर उलटं काढायचं. "मावशी, उलटा 'के' सगळ्यात वाईट," भाचा म्हणाला. "बॅट तरी फिरवायची ना!" दोन पानांवर अख्खा सामना चेंडूगणिक उलगडत होता. आपल्या स्कोअरबुकातल्या टिंबांची मला लगेच आठवण झाली.

आकडे वाचायला एवढं पुरेल: फलंदाजीची सरासरी म्हणजे मारलेल्या हिट (चेंडू मारून निदान पहिला बेस सुखरूप गाठणं) भागिले मिळालेल्या संधी, दशांशानंतर तीन अंकांपर्यंत. दहातल्या तीन वेळा हिट मारली तर .३००, आणि कारकीर्दभर .३०० राखणारा खेळाडू थोर मानला जातो. इथे दहातली सात अपयशं थोर माणसाचीही असतात. हिट धरायची की क्षेत्ररक्षकाची चूक, हे मात्र ऑफिशियल स्कोअरर ठरवतो. म्हणजे सरासरीत त्याच्या निर्णयाचाही वाटा असतो. क्रिकेटमध्ये एवढा अधिकार आम्हाला कधीच नव्हता.

आत शिरल्याबरोबर दालनात तीन पुतळे उभे आहेत: लू गेहरिग, जॅकी रॉबिन्सन आणि रॉबेर्तो क्लेमेन्ते. तिघांबद्दल पुढे वाचायला मिळणारच होतं, म्हणून आम्ही जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेलो. खेळाचा इतिहास कालक्रमानं तिथूनच सुरू होतो.

हे संग्रहालय याच गावात का, याची कथा मोठी आहे. १९०७ मध्ये एका समितीनं जाहीर केलं की १८३९ साली ॲबनर डबलडे यांनी कूपर्सटाऊनमध्ये बेसबॉल शोधून काढला. आधार काय, तर एका वृद्ध गृहस्थाची आठवण. प्रत्यक्षात १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होते, आणि १८९३ मध्ये वारले तोवर त्यांनी स्वतः असा दावा कधीच केला नव्हता. तरी त्या कथेची शताब्दी धरून १९३९ मध्ये हे संग्रहालय उघडलं. आज संग्रहालय स्वतःच सांगतं की ती दंतकथा आहे. आपल्या पायाचा दगडच खरा नाही असं भिंतीवर लिहून ठेवायला धैर्य लागतं. मला ते फार आवडलं.

हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेल्या प्रत्येकाची इथे ब्रॉन्झची पाटी लागते, आणि त्या कथेला पहिल्यापासून नकार देणाऱ्या माणसाची पाटीही याच इमारतीत आहे. हेन्री चॅडविक. जन्म १८२४, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा. लहानपणी अमेरिकेत आला, वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहू लागला आणि मग बेसबॉलच्या प्रेमात पडला. क्रिकेटचा धावफलक त्याच्या अंगवळणी पडलेला होताच. त्याच धर्तीवर त्यानं बेसबॉलचा बॉक्स स्कोअर घडवला. वर्तमानपत्राच्या एका रकान्यात मावणारा, न पाहिलेला सामनाही डोळ्यांपुढे उभा करणारा तक्ता. हा खेळ इंग्लंडच्या राउंडर्स या खेळातून आला असं तो ठामपणे म्हणायचा. त्याचं म्हणणं खोडून काढण्यासाठीच ती समिती नेमली गेली होती. १९०८ मध्ये तो वारला आणि १९३८ मध्ये त्याची इथे निवड झाली. क्रिकेटच्या पत्रकारानं बेसबॉलला हिशेब ठेवायला शिकवलं! त्याच्या पाटीपुढे मी किती वेळ उभी होते, ते भाच्याला विचारा.

पुढचं सगळं संग्रहालय मी चॅडविकला मनात धरूनच पाहिलं, कारण खेळाडूची कामगिरी मागे उरते ती कोणीतरी लिहून ठेवली म्हणून. हे इथे जितकं स्पष्ट दिसतं, तितकं मी कुठेच पाहिलेलं नाही.

टेड विल्यम्सचं उदाहरण घ्या. बोस्टन रेड सॉक्सचा हा डावखुरा फलंदाज. १९४१ च्या हंगामाचा शेवटचा दिवस, २८ सप्टेंबर, फिलाडेल्फियात एका दिवसात दोन सामने. सकाळी त्याची सरासरी होती .३९९५५. हिशेबात ती .४०० धरली गेली असती. व्यवस्थापक जो क्रोनिन यांनी बाहेर बसायची मुभा दिली होती. विल्यम्स दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा हिट मारल्या आणि सरासरी .४०६ वर नेऊन ठेवली. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पुढे १९४३, १९४४ आणि १९४५ हे तीन हंगाम लष्करी सेवेत गेले. १९५२ आणि १९५३ चा बहुतेक काळ कोरियाच्या युद्धात गेला. तिथे तो मरीन दलाचा वैमानिक होता, ३९ मोहिमा केल्या, एकदा पेटलेलं विमान त्यानं पोटावर उतरवलं. म्हणजे ऐन उमेदीची जवळजवळ पाच वर्षं. तरीही ५२१ होमरन (आपल्या षटकारासारखे, चेंडू थेट मैदानाबाहेर) आणि कारकिर्दीची सरासरी .३४४. १९६० मध्ये शेवटच्या संधीला त्यानं होमरनच मारला.

संग्रहालयात त्याची 'स्ट्राइक झोन', म्हणजे फलंदाजापुढची योग्य चेंडूची चौकट, मांडून ठेवली आहे. काचेआड चेंडूंच्या रांगा, वेगवेगळ्या रंगांचे चेंडू, आणि प्रत्येकावर आकडा: या जागी चेंडू आला तर माझी सरासरी किती. मधल्या चेंडूंवर .४०० पर्यंतचे आकडे, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात .२३०. भाचा काचेला नाक लावून एकेक आकडा वाचत होता. कॅचरच्या नजरेनं तो विल्यम्सची कमजोरी शोधत होता, आणि ती त्याला सापडली. "खाली, बाहेर," तो हळूच म्हणाला, जणू पुढच्या चेंडूला इशारा द्यायचा आहे.

पण मला विल्यम्स मोठा वाटतो तो २५ जुलै १९६६ मुळे. हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला तो हा दिवस. आभाराचं भाषण करताना त्यानं, कोणी मागितलेलं नसताना, सॅचल पेज आणि जॉश गिब्सन या काळ्या खेळाडूंची नावं घेतली. हे इथे नाहीत याचं कारण एवढंच की त्यांना संधी दिली गेली नाही, आणि कधीतरी त्यांनाही इथे जागा मिळावी, अशी आशा त्यानं बोलून दाखवली. समोर बसलेल्या क्रीडाजगताला ते ऐकून घ्यावंच लागलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता. कुठे लिहिलेला नियम नव्हता, मालकांमधली समजूत होती, आणि ती कायद्यापेक्षा कडक पाळली गेली. म्हणून त्यांनी स्वतःच्या लीग उभ्या केल्या, त्या निग्रो लीग. जॉश गिब्सन पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या संघांचा कॅचर. २० जानेवारी १९४७ रोजी तो वयाच्या ३५ व्या वर्षी वारला, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मेजर लीगच्या ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. तीन महिन्यांहून कमी अंतर. पिट्सबर्गच्या दफनभूमीत गिब्सनच्या थडग्यावर १९७५ पर्यंत साधा दगडही नव्हता.

सॅचल पेज या पिचरला निदान थोडं तरी मिळालं. क्लीव्हलंडनं त्याला १९४८ मध्ये घेतलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता, आणि त्याच वर्षी संघ वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाचं अजिंक्यपद, जिंकला. १९६५ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, तो कॅन्सस सिटीकडून तीन इनिंग टाकायला उतरला आणि फक्त एक हिट दिली. १९७१ मध्ये हॉल ऑफ फेमनं त्याची निवड केली, पण पाटी वेगळ्या विभागात लावायचं ठरवलं. लोक एवढे संतापले की निर्णय मागे घ्यावा लागला. पुढच्या वर्षी गिब्सन आला.

आता यातला माझ्या जिव्हाळ्याचा भाग. निग्रो लीगच्या आकडेवारीचं एकत्र दप्तर नव्हतं. पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर यांसारख्या काळ्या समाजाच्या वर्तमानपत्रांत बॉक्स स्कोअर छापले जात, तेही नेहमी नाही. गेल्या काही दशकांत संशोधकांनी ते जुने अंक चाळून सामन्यामागून सामना पुन्हा उभा केला. मे २०२४ मध्ये मेजर लीगनं ही आकडेवारी अधिकृत नोंदींत सामील केली, आणि त्या दिवशी गिब्सन कारकिर्दीच्या सरासरीत .३७२ सह पहिला आला. जवळजवळ शंभर वर्षं अढळ असलेला टाय कॉब (.३६७) दुसरा झाला. एका हंगामाची सर्वोत्तम सरासरीही आता गिब्सनचीच: १९४३ मध्ये .४६६. म्हणजे .४०० पार करणारा शेवटचा फलंदाज ही विल्यम्सची ओळखसुद्धा आता तशीच्या तशी उरलेली नाही. १९६६ मध्ये ज्याच्यासाठी त्यानं शब्द टाकला, तोच नोंदवहीत त्याच्या वर जाऊन बसला.

काही जण म्हणतात, निग्रो लीगचे हंगाम छोटे असत, तुलना कशी करायची? हंगाम छोटे होते हे खरंच आहे. लीगचे सामने साठ-सत्तर, बाकी पोटासाठी गावोगाव फिरून खेळलेले प्रदर्शनीय सामने, आणि ते अधिकृत हिशेबात धरलेच जात नाहीत. गिब्सनच्या पाटीवर सुमारे ८०० होमरन लिहिलेत, त्यातले बहुतेक अशाच सामन्यांतले. पण हंगाम छोटे कोणामुळे राहिले? ज्यांनी दार बंद ठेवलं त्यांच्यामुळे. ते ओझं गिब्सनच्या माथी मारणं मला मान्य नाही.

तिसऱ्या मजल्यावर विक्रमांचं दालन आहे. पिचर साय यंगचे ५११ विजय, पिचर नोलन रायनचे ५,७१४ स्ट्राइकआऊट, जो डिमॅजिओच्या सलग ५६ सामन्यांतल्या हिट. गेहरिग सलग २,१३० सामने खेळला. जीवघेण्या आजारानं त्याला थांबवलं. हा विक्रम मोडायला १९९५ साल उजाडलं, आणि तो मोडणारा कॅल रिपकेन २,६३२ पर्यंत गेला. बॅरी बॉन्ड्सचा ७५६ व्या होमरनचा चेंडूही इथेच आहे, त्यावर उत्तेजकांच्या संशयाची खूण म्हणून कोरलेली चांदणी. बॉन्ड्सचे ७६२ होमरन, सट्ट्यामुळे बंदी आलेल्या पीट रोझच्या ४,२५६ हिट, दोन्ही विक्रम. दोघांच्याही पाट्या खालच्या दालनात नाहीत. मला हे योग्य वाटतं. घडलं ते लिहिलंच पाहिजे, सन्मान द्यायचा की नाही हा वेगळा निर्णय.

हँक ॲरनच्या वस्तूंपाशी मात्र आम्ही रेंगाळलो. १९५२ मध्ये इंडियानापोलिस क्लाउन्स या निग्रो लीगच्या संघातून सुरुवात, मग मेजर लीगचा ब्रेव्ह्ज संघ. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा ७१३ होमरन झाले होते. बेब रूथचा ७१४ चा विक्रम मोडायला दोन बाकी. अख्खा हिवाळा त्यानं द्वेषानं भरलेल्या पत्रांत आणि जिवे मारण्याच्या धमक्यांत काढला. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात ७१५ वा मारला, आणि थांबला ७५५ वर. मला त्याचा दुसराच एक आकडा जास्त भावतो. एकूण हिट ३,७७१. त्यातून सगळे ७५५ होमरन वजा करा, तरी ३,०१६ उरतात. नुसत्या तीन हजार हिटवरसुद्धा माणूस इथे सहज पोचतो. १९८२ च्या निवडीत क्रीडापत्रकारांच्या ४१५ पैकी ४०६ मतं त्याला मिळाली. नऊ जणांनी त्याला मत का दिलं नाही, हे मला कोणीच पटवून देऊ शकणार नाही.

शेवटी आम्ही तळमजल्यावरच्या पाट्यांच्या दालनात आलो. ओकच्या लाकडाच्या भिंती आणि त्यांवर साडेतीनशेच्या आसपास ब्रॉन्झच्या पाट्या. वर चेहऱ्याचा उठाव, खाली नाव, टोपणनाव, संघ आणि वर्षं, मग चार-सहा ओळींत सगळी कारकीर्द. १९३६ च्या पहिल्या निवडीचे पाच जण, कॉब, रूथ, वॅग्नर, मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन, एकत्र आहेत. रूथ-कॉबपाशी लोक फोटो काढत होते. आमचा वेळ गेला तो नव्यानं ओतलेल्या दोन पाट्यांपाशी.

पहिली क्लेमेन्तेची. पोर्तो रिकोचा हा खेळाडू पिट्सबर्गसाठी खेळला. चार वेळा फलंदाजीत अव्वल, क्षेत्ररक्षणासाठी बारा गोल्ड ग्लोव्ह. ३० सप्टेंबर १९७२ रोजी त्यानं कारकिर्दीतली ३,००० वी हिट मारली. डिसेंबरमध्ये निकाराग्वातल्या मनाग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कळल्यावर तो ३१ डिसेंबरला सामानासह स्वतः विमानात बसला. विमान सान हुआनहून उडाल्यावर लगेच समुद्रात कोसळलं. त्याचा देह कधीच सापडला नाही. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्ये त्याची निवड झाली. पण त्या पाटीवर आईचं आडनाव मधल्या नावासारखं आधी घातलं गेलं होतं. स्पॅनिश रीतीप्रमाणे ते शेवटी हवं. २००० मध्ये पाटी नव्यानं ओतली: रॉबेर्तो क्लेमेन्ते वॉकर.

दुसरी रॉबिन्सनची. १९६२ ची मूळ पाटी फक्त खेळाबद्दल होती: १९४९ चा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर, त्या वर्षीची .३४२ सरासरी, चोरलेले बेस (पिचर चेंडू टाकत असतानाच धावून गाठलेले). आपली निवड खेळावरच व्हावी अशी त्याची स्वतःची इच्छा होती. पण रंगभेदाची भिंत त्यानं पाडली याचा एक शब्दही नव्हता. २००८ मध्ये नवी पाटी आली, त्याची पत्नी रेचल हजर होती, आणि १९४७ मध्ये त्यानं दाखवलेलं धैर्य आता त्यावर कोरलेलं आहे. भाच्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली. आसपासचे दोघे-तिघे वळून पाहायला लागले, तरी तो थांबला नाही.

सगळ्यात नवी झळाळी होती ती २०२५ च्या पाट्यांना. त्यात इचिरो सुझुकी, हॉल ऑफ फेममध्ये पोचलेला पहिला आशियाई. ३९४ पैकी ३९३ मतं. जपानमध्ये नऊ हंगाम आणि १,२७८ हिट झाल्यावर वयाच्या २७ व्या वर्षी तो सिएटलला आला आणि पुढे मेजर लीगमध्ये ३,०८९ हिट मारल्या. पहिले दहा हंगाम सलग दोनशेच्या वर. २००४ मध्ये एका हंगामात २६२ हिट मारून त्यानं जॉर्ज सिस्लरचा १९२० चा २५७ चा विक्रम मोडला. सिस्लरचं नाव तोवर बहुतेक अमेरिकनांच्याही विस्मरणात गेलं होतं. २००९ मध्ये इचिरो सेंट लुईसला सिस्लरच्या थडग्यावर फुलं घेऊन गेला. खेळत असताना तो कूपर्सटाऊनलाही अनेकदा येऊन गेला होता, जुन्या खेळाडूंच्या बॅटी हातात घेऊन त्यांचं वजन, त्यांचा तोल पाहायला. ज्याचा विक्रम मोडला त्याची चौकशी करणारा खेळाडू! जपान-अमेरिका बेसबॉलवरचं दालनही २०२५ मध्येच उघडलंय, ते चुकवू नका.

जाणार असाल तर थोडं सांगते. जुलैच्या शेवटी पाटी-समारंभ असतो, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते आणि राहण्याची सोय फार आधी करावी लागते. उन्हाळाभर लहान मुलांच्या स्पर्धांसाठी देशभरातून संघ येतात, त्यामुळे तेव्हाही गर्दी. ऑक्टोबर उत्तम. पूर्ण दिवस हाताशी ठेवा, दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात करा, पाट्या शेवटी पाहा. म्हणजे चेहऱ्यांमागची माणसं तोवर ओळखीची झालेली असतात. मेन स्ट्रीटवर खायला मिळतं, पण आम्ही घरून थेपले आणि लोणचं नेलं होतं. सरोवराकाठच्या बागेत बसून खाता येतं. तिथून डबलडे फील्ड चालत जाण्यासारखं आहे. मुलं सोबत असतील तर एक कोरं स्कोअरबुक आणि दोन पेन्सिली घ्या, आणि चॅडविकची पाटी कुठे आहे ते तिथल्या कर्मचाऱ्यांना आधीच विचारून ठेवा.